सतरा नंबरचा विषाणू

वन्संना काहीही झालेलं नाही, हे तिला एकदाचं कागदावर हवं होतं. खोटं कशाला बोलायचं, रक्त काढलं ते त्याचसाठी.

नवऱ्याची ही थोरली बहीण चौदा महिने त्यांच्याच घरी मुक्कामाला होती. दर आठ-दहा दिवसांनी ताप, गुडघे धरलेले, आणि नेमका भांड्यांचा ढीग पडला की अंथरूण. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. नवरा म्हणे, "दुखत असेल गं तिला." ती म्हणे, "दुखू दे की, पण कामाच्या वेळेलाच कसं दुखतं?" आणि हे भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. ज्यांच्या तापाचं कारण सापडत नाही अशा रुग्णांचं रक्त इस्पितळातून तिथे यायचं आणि त्यातला सगळा जनुकीय मजकूर यंत्र वाचून काढायचं. माणसाचा स्वतःचा भाग बाजूला, ओळखीच्या विषाणूंचा बाजूला, आणि उरलेले बेवारस तुकडे संगणक जुळवत बसायचा. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नसे. एका फेरीत चोवीस नमुने बसायचे. त्या दिवशी सतरा नंबरची नळी वाटेतच फुटून आली. नियम साधा होता: नमुना रद्द लिहायचा, नवा मागवायचा, जागा रिकामी सोडायची. पण 'हिमोग्लोबिन बघू' असं सांगून काढलेलं वन्संचं रक्त तिने डब्याच्या पिशवीत बर्फात घालून आणलंच होतं. ते तिने सतराच्या जागी लावलं. निकाल आला की गुपचूप वाचायचा आणि मग सतरापुढे 'रद्द' लिहून टाकायचं, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

निकाल आला त्या दिवशी ती रजेवर होती. वन्संनाच ताप चढला होता, आणि ती त्यांच्या कपाळावर घड्या ठेवत चरफडत बसली होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेली तर विभागप्रमुख मॅडम, ज्यांना कुणी कधी पळताना पाहिलं नव्हतं, जिन्यावरून धावत खाली आल्या.

"सतरा नंबर! बेवारस तुकड्यांतून अख्खा विषाणू जुळलाय. कुठल्याच यादीत नाही. नवाकोरा!"

सतरा म्हणजे वन्सं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मॅडम फोनवर होत्या, मग दहाजण जमले, मग संध्याकाळ झाली. तोवर इस्पितळाने सतरा नंबरच्या माणसाला घरून उचलून वेगळ्या खोलीत ठेवलंही होतं. पाच दिवस ती रोज "आज सांगतेच" म्हणून निघायची आणि मॅडमना भलतंच काही विचारून परत यायची. घरी वन्सं तापातही भाजी निवडत बसायच्या. टोमणे त्यांना व्यवस्थित ऐकू येत होते.

सहाव्या दिवशी मॅडमनी खात्रीसाठी सतराचं ताजं रक्त आणायला तिलाच पाठवलं. रस्त्यात तिच्या लक्षात आलं, आयतीच सुटका चालून आलीय. या रक्तात तो विषाणू सापडणार नाही. सगळे म्हणतील, शरीराने हुसकावला. मिटलं प्रकरण! इतकं सोपं होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि तरी ती चालत राहिली.

सतरा नंबरचा माणूस कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणारा निघाला, पन्नाशीचा, बोलका.

"या ताई, या! तुम्हीच शोधलात ना?" बाही वर करत तो म्हणाला. "दोन वर्षं ताप अंगावर काढतोय. मेव्हणा सगळीकडे सांगत सुटला, हा कामचुकार आहे. परवा फोन केला त्याला. म्हटलं, जगात कुणाकडे नाही तो विषाणू माझ्याकडे आहे! गप्पच झाला गडी."

तो खदखदून हसला. तिने सुई खाली ठेवली.

"दादा, तो विषाणू तुमचा नाही," ती म्हणाली, आणि मास्कच्या आत नाक गळत असताना उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

त्याने आपल्या उघड्या दंडाकडे पाहिलं. "म्हणजे मला काही नाहीच?"

"असेलही. तुमचं रक्त आम्ही तपासलेलंच नाही."

"मग मेव्हण्याला आता काय सांगू?"

शेवटी त्यानेच हात पुढे केला. "घ्या. या वेळी माझंच घ्या म्हणजे झालं."

मॅडमनी सगळं ऐकून चष्मा काढून ठेवला. "तुझं काय करायचं ते वरचे ठरवतील. आधी घरी जा. नणंदेला न्यायला इस्पितळाची गाडी पाठवतेय, तुम्हा दोघा नवरा-बायकोचंही रक्त लागेल. पण तिला हे गाडीतल्या माणसांकडून कळता कामा नये."

वन्सं एक हात गुडघ्यावर दाबत भांडी घासत होत्या. तिने नळ बंद केला आणि सांगितलं: नियम मोडून चोरून लावलेलं रक्त, नवा विषाणू, वेगळी खोली, किती दिवस ते माहीत नाही. घाबरतील असं तिला वाटलं होतं. वन्सं ओल्या हातांनीच खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

"म्हणजे खरंच आहे मला? मलाच वाटायला लागलं होतं गं, की मी सोंग करतेय." मग त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "भाऊ नुसता 'दुखत असेल' म्हणायचा. खरा विश्वास तुझा एकटीचा होता माझ्यावर. तोंडाची फटकळ आहेस, पण नोकरी पणाला लावून तपासलंस."

फक्त गप्प बसायचं होतं. पाच दिवसांत त्याची चांगली सवयही झाली होती.

"विश्वास होता म्हणून नाही, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही सोंग करताय, हे सगळ्यांना दाखवायचं होतं मला."

वन्संनी हात सोडला. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. उठताना गुडघ्यात कळ येऊन त्या धडपडल्या, तसा तिने आधाराला हात पुढे केला. तो न धरता वन्सं ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि आपले कपडे भरायला एकट्याच आत गेल्या.