एक झाकण, एक रोप

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. हसू नका! निळं, प्लॅस्टिकचं, गोडेतेलाच्या बाटलीचं झाकण. कारखान्यात माझ्यासारखी हजारो भावंडं एका दमात तयार झाली. बाटली रिकामी झाली तेव्हा मीही कचऱ्यातच जाणार होतो. पण खताची माहिती द्यायला आलेल्या साहेबांनी मालकीणबाईंच्या हातातून मला घेतलं आणि म्हणाले, "मक्याच्या एका रोपाला एवढंच खत. एक झाकण. तेही बुंध्यापासून चार बोटं लांब."

तेव्हापासून मी बाईंच्या बटव्यात राहायला गेलो. एका पोत्यात बाराही सऱ्यांना हंगामभर तीन वेळा खत पुरायचं. मका असा तरारायचा की शेजारपाजारचे बांधावर थांबून बघायचे. मी आपला फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

एकाच माणसाला माझं कौतुक नव्हतं. बाईंचा दीर. सगळे त्याला घाईराव म्हणत. मन मोठं, हात सैल. "वहिनी, रोपांना बाळकडू पाजताय का?" असं म्हणून तो मला हिणवायचा. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एके दिवशी बाईंची दाढ ठणकू लागली. त्या सकाळीच दवाखान्यात गेल्या, बटव्यात मीही होतो. दाढ काढून, तोंडात कापसाचा बोळा धरून दहाच्या सुमाराला त्या थेट शेतात आल्या. बघतात तर काय! प्रत्येक रोपाच्या अगदी बुंध्याशी पांढऱ्या खताचा ढीग. घाईराव कमरेवर हात ठेवून हसत उभा.

"वहिनी, तुम्ही यायच्या आत अख्खं पोतं संपवलं! रोपागणिक चांगली मूठभर!"

बारा वाजता पाटाच्या पाण्याची पाळी होती. पाणी लागलं की ते सगळं खत विरघळून मुळांशी जाणार आणि मुळं करपणार. बरं, पाळी सोडावी तर पुढचं पाणी आठ दिवसांनी, आणि रोपांनी तर आत्ताच माना टाकलेल्या. घराचं वर्षभराचं खाणं त्या बारा सऱ्यांत उभं होतं.

बाईंनी बोळा थुंकला. "भाऊजी, उचला! सगळं उचला!"

"अहो, खतच आहे ना? विष थोडंच आहे?"

"एवढं म्हणजे विषच! बसा खाली!"

गलका ऐकून बाईंच्या सासूबाईही बांधावर आल्या होत्या, पण त्यांना वाकवत नव्हतं. "मी पाटावर उभी राहते," त्या म्हणाल्या. "पाणी दिसलं की हाक मारते."

मग सुरू झाली धावपळ. बाई मला मातीत खुपसायच्या, खत उचलायच्या, पोत्यात टाकायच्या. पुढचं रोप. पुन्हा पुढचं. घाईराव ओंजळीनं उपसत होता, घामानं त्याच्या हाताला खत चिकटत होतं. पाचव्या सरीत माझी कड दगडावर आपटून चिरली. दुखलं, पण थांबायला वेळ कुणाला होता? बाईंच्या ओठांच्या कडेनं रक्त ओघळत होतं. सात सऱ्या झाल्या. नऊ. दहा.

"आलं गं, आलं पाणी!" सासूबाई ओरडल्या.

शेवटच्या दोन सऱ्या तशाच राहिल्या होत्या. घाईराव धावला. त्यांच्या तोंडाशी त्यानं हातानं चिखल लोटला. चिखल वाहून जायला लागला तसा तो स्वतःच पाठ टेकून तिथं आडवा बसला. तरी पाणी खालून झिरपलंच.

चौथ्या दिवशी त्या दोन सऱ्यांची पानं कडेनं पिवळी पडली, मग वाळली. दहा सऱ्या मात्र वाचल्या. मेलेली रोपं घाईरावानं स्वतः उपटली. एकेक मूळ हातात घेऊन तो बघत होता, काळं पडलेलं.

"वहिनी, शिव्या तरी घाला हो," तो म्हणाला. "तुम्ही गप्प बसलात की जास्त लागतं."

"शिव्या कशाला?" बाई त्याच्या शेजारी बसल्या. "तुम्ही चांगल्या मनानंच टाकलंत."

त्यावर तो एवढा मोठा बाप्या लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. माझा सगळा राग तिथंच विरला.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. खत टाकताना आधी माप बघा, बुंध्यापासून अंतर बघा. मूठभर देणाऱ्याचं मन खरंच मोठं असतं, मी आता नाही म्हणणार नाही. पण रोपाला मन दिसत नाही हो. त्याच्या मुळाशी जे पडतं, तेवढंच त्याला कळतं.