चाकाला दगड

"बाबा, आता कुणी हात लावायचा नाही हं," दीक्षा म्हणाली.

"न्हाई लावत गं बाई." धनाजी कंबर धरून मागं सरला. कंबर पार कामातून गेली होती. तीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली उताणं पडून काढलेली, त्यात या गाडीपायी वर्षभराचे सगळे रविवार गेलेले.

पोरगी सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गाडी तिच्या डोक्यातली, हात बापाचे. तीन चाकं आणि वर उभं चिरलेलं पत्र्याचं पिंप. वाऱ्यानं पिंप फिरायचं, पट्ट्यानं चाकं फिरायची. म्हणे मंगळावर असल्या गाड्या एकट्या हिंडतील, माती तपासतील. पत्रिकेतला मंगळ धनाजीच्या घरात कुणी मानत नव्हतं. पण हा मंगळ त्याला पटला होता.

आज साताऱ्यावरच्या पठारावर परीक्षा होती. गाडी वाऱ्यावर शंभर पावलं गेली, तर दीक्षा बंगळूरला संशोधनाला जाणार. संधी एकच. सोडल्यावर हात लागला की बाद.

वारा असा भन्नाट, की परीक्षा घ्यायला आलेल्या सरांची टोपी उडाली. पिंप गरगरलं, गाडी थरथरली, पण जागची हलेना. पट्ट्यातून धूर निघाला आणि तो फटकन तुटला.

"ताकद कमी पडली," म्हणत सरांनी कागदावर लिहिलं.

तेव्हा धनाजीला गवतात पुढच्या चाकाखाली दगड दिसला. त्यानंच लावलेला, टेम्पोतून गाडी उतरवल्या उतरवल्या! डेपोत एकदा उभी बस घरंगळली आणि आप्पासो हेल्परचा पाय गेला. तेव्हापासून चाकाला दगड दिल्याशिवाय तो कुठल्याच गाडीपासून हलत नसे. आणि नेमकी आज ही सवय पोरीच्या मुळावर आली.

"सायेब, पोरीची चूक न्हाई. दगड म्या लावलाय. एकडाव परत बगा की."

"काका, नियम म्हणजे नियम," सर हळूच म्हणाले आणि जीपकडे गेले.

परतताना टेम्पोत धनाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घाटात ड्रायव्हरनं चहाला टेम्पो थांबवला. एरवी धनाजी आधी उतरून दगड शोधायचा. आज तो जागचा हललाच नाही.

दीक्षा उतरली. रस्त्याकडेला वाकून तिनं दोन दगड उचलून टाकले, तिसरा पसंत केला. मागच्या चाकाला लावला आणि बापासारखीच पायानं दाबून पाहिला.

"बाबा, लावलाय," ती म्हणाली. "या आता चहाला."