चाळीस सेकंदांची राखणदारीण

मी एक चिठ्ठी बोलतेय. पिवळी आहे, पण कागदाची नाही, संगणकाच्या पडद्यावरची. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुणारं भलंमोठं यंत्र आहे. त्यानं पाणी कधी घ्यायचं, दार कधी उघडायचं, हे पडद्यावर रंगीत चौकोन रेषांनी जोडून ठरवतात. चौकोन काय करतो ते कुणालाही दिसतं. का करतो, ते मी सांगते.

या यंत्रावर काम करणाऱ्या मावशींच्या करंगळीपायी मी जन्मले. यंत्रावर उरलेला वेळ शून्य दिसला, दार उघडलं, मावशींनी हात घातला. आतला ड्रम अजून गरगरत होता. करंगळी गेली. प्रोग्रॅम बनवणाऱ्या बाईंनी मग दाराआधी 'चाळीस सेकंद थांब' असा चौकोन घातला. मावशी शेजारी स्टूल ओढून बसल्या. "लिही, पोरी. ड्रम थांबल्यासारखा दिसतो, थांबलेला नसतो. हे काढू नका. एक करंगळी देऊन घेतलंय." बाईंनी शब्द न् शब्द माझ्यावर उतरवला आणि मला त्या चौकोनाशेजारी चिकटवलं.

बाई नोकरी सोडून गेल्या, नवे साहेब आले. त्यांना पडदा टापटीप लागायचा. त्यांनी सगळे चौकोन सरकवून ओळीत लावले. आम्हा चिठ्ठ्यांचं हेच दुखणं, चौकोन हलतो आणि आम्ही तिथंच राहतो. माझा चौकोन दूर गेला आणि पाणी सोडणारा चौकोन माझ्या उशाला येऊन बसला. नवरा एकीकडे, वरात भलतीकडे. तिकडे चाळीस सेकंद उघडे पडले. उगाच वेळ खातोय म्हणून साहेबांनी तो चौकोनच उडवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेपेला दार लगेच खटकन उघडलं. मावशींनी हात मागे घेतला. ड्रम फिरत होता. त्यांनी यंत्र बंद केलं आणि दारासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चादरींचा डोंगर झाला, वॉर्डांतून फोनावर फोन. साहेब धावत आले, काम का अडवलं म्हणाले.

मावशींनी चार बोटांचा पंजा पुढे केला. "माझी चिठ्ठी वाचली नाही?"

"वाचली की. ती पाण्याच्या चौकोनाबद्दल होती ना?"

"पाण्यानं करंगळी जाते होय, साहेब?"

साहेबांनी मान खाली घालून चौकोन परत घातला आणि मला त्याला बांधलं. आता तो जाईल तिथं मी.

नवं कुणी आलं की अजून नाक मुरडतं. पडद्यावर एवढं गबाळं कशाला, म्हणतं. मुरडा. दिसायला मी गबाळी, भाषाही धुलाईघरातली, आणि ती मी बदलणार नाही. मला पुसायचंय? खुशाल पुसा. फक्त आधी खाली धुलाईघरात जा, मावशींचा हात हातात घ्या आणि बोटं मोजा.