घरात आई एकच

आमच्या आईला आम्ही वहिनी म्हणतो. वडिलांचे तीन धाकटे भाऊ तिला वहिनी म्हणायचे, आमच्या लॉन्ड्रीतले इस्त्रीवाले वहिनी म्हणायचे, गिऱ्हाइकंही तेच म्हणायची, मग दादा आणि मी दुसरं काय शिकणार होतो? आई हा शब्द घरात नव्हता असं नाही, पण तो आजीने अडवून ठेवला होता. सगळे तिलाच आई म्हणत, आम्ही नातवंडंसुद्धा. "घरात आई एकच असते," असं ती ठणकावून सांगायची, आणि तिच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

शाळेत बाईंनी एकदा सांगितलं, उद्या आईला घेऊन ये. मी म्हटलं, आईला चालवत नाही, वहिनीला आणू का? बाईंचे डोळे भरून आले. बिचारीची आई अंथरुणाला खिळलेली आणि भावाची बायको हिला सांभाळते, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि वर्षभर मला पहिल्या बाकावर बसवलं. ही गोष्ट मी पुष्कळांना हसवायला सांगते. वहिनी कधी हसली नाही.

एकदा मी ठरवून भर दुकानात "आई" अशी हाक मारली. वहिनी मागच्या टेबलावर कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. तिने झटकन मान वर केली. तेवढ्यात गल्ल्यावरून आजी म्हणाली, "काय गं, काय पाहिजे?" मला काहीच नको होतं. वहिनीने मान खाली घातली आणि पुढच्या शर्टाची कॉलर उलटी केली.

पुढे आजी गेली, मग वडील गेले, काका आपापल्या वाटेने गेले. आजीची खोली आम्ही धुवायच्या गाठोड्यांना दिली. तिचा शब्द मात्र तसाच पडून राहिला. ज्याचं त्याला सुचायला हवं होतं, पण दादाला मशीनपलीकडे काही दिसत नाही आणि मी काउंटरवर जगाशी भांडण्यात गुंतलेली.

सुचलं ते परक्या घरातून आलेल्या मुलीला. दादाची बायको हाडांच्या दवाखान्यात रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायची. खरं तर ती माझी वहिनी, पण एका घरात दोन वहिन्यांचा घोळ नको म्हणून आम्ही तिला नवी म्हणू लागलो आणि ती नवीच राहिली. पहिल्याच सकाळी तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, तुमच्या चहात साखर किती घालू?" वहिनीने मागे वळून पाहिलं. मागे फक्त फ्रिज होता. मग तिने ओ दिली, आणि एवढी लाजली की साखर किती ते सांगायचं राहूनच गेलं.

अशा बाईला दादाने घराबाहेर काढलं. त्याचं दुसरीकडे सूत जुळलं होतं. नवीने आरडाओरडा केला नाही, दोन स्टॉपवर एक खोली घेतली आणि वकील गाठला. पण रविवारी सकाळी ती यायचीच. वहिनीचे गुडघे धरले होते, त्यांचे व्यायाम ती स्वतः करून घ्यायची. वहिनी सकाळपासून सतरंजी अंथरून, टॉवेलची गुंडाळी करून तयार असायची. "आई, पाय सरळ. आई, टाच दाबा. अहो आई, श्वास कोंडू नका." मी आतून मोजत नव्हते, पण तासाभरात तो शब्द घरात आमच्या अख्ख्या बालपणापेक्षा जास्त वेळा वाजत असेल.

हे दादाला खुपायला लागलं, कारण दुसरीला आता घरी आणायची होती. शुक्रवारी जेवताना त्याने विषय काढला.

"वहिनी, तिचं येणं बंद कर. लोक काय म्हणतील?"

"लोक तुला म्हणत नाहीत ते मला कशाला म्हणतील?"

"मला वाद नको. एकतर ती येईल, नाहीतर मी या घरात राहीन. काय ते ठरव."

मला वाटलं, आता वहिनी त्याला चांगली सुनावणार. तिने ताटातला घास बाजूला सारला आणि विचारलं, "तू मला आई म्हणशील?"

दादाला आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे तेच. तू मला आई म्हण, मी तिला दार उघडणार नाही."

"एवढंच?" तो हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "बरं, आई. झालं?" त्याचा फोन वाजला आणि तो बोलत गॅलरीत गेला.

"झालं," वहिनी त्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला कळतंय का, तू काय देऊन काय घेतलंस? ती बिचारी इतकी वर्षं फुकट म्हणत आली."

"ती सून आहे. सुनेने सासूला म्हणायचंच असतं. ह्याला मी जन्म दिलाय."

"मला नाही दिलास?"

"तुलाही दिलाय. मग म्हण की. तुझं तोंड कुणी धरलंय?"

मी तोंड उघडलं. शब्द काही अवघड नाही, लहान मुलांना पहिला तोच येतो. ती माझ्याकडे बघत होती, अगदी त्या दिवशी चिठ्ठ्या टाचता टाचता बघितलं होतं तशी. "जेवून घे," मी म्हटलं, आणि तिने घास परत ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा जिन्यातून ओरडला, "वहिनी, ड्रायरच्या खोलीची किल्ली कुठे ठेवलीस?" वहिनी किल्ली घेऊन दाराशी आली. क्षणभर तिने ती मुठीत धरून ठेवली. "कुठे ठेवलीस, वहिनी?" त्याने पुन्हा विचारलं. तिने किल्ली दिली. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण कोणत्या तोंडाने मारणार होते?

नवीला येऊ नकोस असा फोन करायचं काम वहिनीने केलं नाही. मीही केलं नाही, हे पाप मी का डोक्यावर घेऊ? तेव्हा रविवारी बेल वाजायची ती वाजलीच. वहिनी सतरंजीवर बसली होती, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी होती. इतकं सगळं करून तिने सतरंजी कशासाठी घातली, देव जाणे.

"आई, मी आहे," बाहेरून आवाज आला.

वहिनी हलली नाही. पुन्हा बेल वाजली. मग दारावर थाप पडली. "आई, बरं आहे ना? आई?"

आतल्या खोलीतून दादा म्हणाला, "वहिनी, उघडू नकोस हं. कबूल केलंयस."

आता मात्र माझ्याने बसवेना. "वहिनी, मी उघडते," असं म्हणत मी उठले. म्हणून गेल्यावर मला माझाच शब्द ऐकू आला. वहिनीने माझं मनगट धरलं. इतकी वर्षं ओले कपडे पिळलेला तो हात, सुटता सुटेना.

"थांब," ती म्हणाली. "लगेच उघडलंस तर ती गप्प होईल. अजून एकदा हाक मारेल ती."

बाहेरून पुन्हा "आई" आलं. वहिनीने ओ दिली, पण इतकी हळू की माझ्याशिवाय ती कुणालाच ऐकू गेली नसेल.