अंगणच वाकडं

मला राग लवकर येतो. ते मी लपवत नाही, आणि लपवलं तरी लपणार नाही, कारण तो माझ्या नाकाच्या शेंड्यावरच राहतो. पण त्या आठवड्यातला राग वेगळा होता. तो आधी माझ्यावरच होता, आणि स्वतःवर रागावलेलं माणूस फार मूर्खासारखं वागतं.

गॅरेज आम्हा बहीणभावाचं. म्हणजे पाटीवर दोघांचं, आत शिरलं की दादाचं. दादा गाडीखाली आणि मी काउंटरवर. फोन घ्यायचे, बिलं करायची, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. गोड बोलायला मला बसवणं हा दादाने आयुष्यात केलेला एकमेव विनोद. तरी मी त्याच्या मागे लागून ब्रेक शिकले, क्लच शिकले, शॉकअब शिकले. नखांतलं काळं आता साबणाने जात नाही. शेवटी एकदा वहिनीच्या देखत तो म्हणाला, "बरं बाई. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची गाडी येतेय. बुटकी करायची आहे. तू एकटीने कर. सरळ उभी राहिली, तर अर्धं गॅरेज तुझं, मी मध्ये पडणार नाही. नाही राहिली, तर गुपचूप काउंटर, आणि परत हा विषय काढायचा नाही."

"कबूल," मी म्हणाले.

गाडी बुटकी करायची म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या. गाडी रस्त्याला टेकल्यासारखी दिसते आणि पोरंटोरं वळून बघतात. सलूनवाला पोर नव्हता, चांगला पन्नाशीचा होता. पण हौसेला मोल नसतं.

काम मी नीट केलं. स्प्रिंगेचं टोक तिच्या खालच्या वाटीतल्या खाचेत बसलंय का, ते बोट घालून पाहिलं. बोल्ट सैल ठेवून गाडी लिफ्टवरून खाली घेतली, ढकलत दारापाशी आणली आणि तिथे आवळले. हे दादाचंच शिक्षण. बोल्ट हवेत आवळायचे नाहीत. गाडीला आधी स्वतःच्या पायावर उभं राहू द्यायचं, कारण आतलं रबर ज्या बसणीत आवळाल तीच बसण धरून बसतं. दारापाशी उजेड चांगला म्हणून सगळ्या गाड्या तिथेच तपासायच्या, हाही दादाचाच नियम.

सलूनवाला आला. गाडीसमोर उकिडवा बसला, एक डोळा मिटला.

"ताई, डावा कल्ला खाली आहे."

"काय?"

"पुढचं डावं बसलंय. जन्मभर लोकांचे कल्ले सारखे करतोय मी. माझ्या नजरेतून सुटत नाही."

टायर आणि त्याच्यावरचा पत्रा यांच्या फटीत मी बोटं घातली. उजवीकडे तीन बोटं सहज जात होती. डावीकडे दोन जेमतेम.

दादा स्टुलावर बसून बघत होता.

मी सगळं पुन्हा उघडलं. स्प्रिंगा बरोबर बसल्या होत्या. तरी काढून पुसून परत बसवल्या, गाडी दारापाशी आणली. डावं खालीच. मग डावीकडची स्प्रिंग उजवीकडे घातली आणि उजवीकडची डावीकडे. स्प्रिंगेत खोट असती तर आता उजवं बसायला हवं होतं. डावंच बसलं. खांदे भरून आले होते, एका बोटाचं नख उलटलं होतं, आणि दादा स्टुलावरून शेळ्या हाकत होता. "रबर फिरलं असेल." "हवा बघ टायरमधली." "खाचेत नीट बसवलीस ना?" मी हवा बघितली. रबरं बघितली. तिसऱ्यांदा उघडून खाचाही बघितल्या.

"स्प्रिंगाच खराब आल्या असणार," मी म्हणाले. म्हणताना मलाच ते पटत नव्हतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," दादा म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर गरजेपेक्षा जास्त हसला. फोनवर वहिनी होती. तिने तिकडून उरलेली म्हण पुरी केली, "स्वयंपाक येईना, ओली लाकडं." फोन स्पीकरवर होता. तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलायला तोंड कुठे होतं मला?

दुसऱ्या दिवशी दादा सामान आणायला गेला तेव्हा मी गाडी काढली आणि सरळ सलूनवर गेले. सलूनसमोर फरशी घातलेलं सपाट आवार आहे. तिथे गाडी लावली, आत गेले. खुर्चीत एक माणूस अर्ध्या गालाला साबण लावून बसला होता. त्याच्यादेखत मी म्हणाले, "तुमची गाडी घ्या. मला जमलं नाही. दादा करून देईल."

ही तीन वाक्यं मी रस्ताभर घोकली होती.

सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. उकिडवा बसला. डोळा मिटला. मग दुसरा डोळा मिटून बघितलं.

"ताई, थट्टा करताय का माझी?"

"थट्टा कसली?"

"सारखी आहे की गाडी. केसभर फरक असेल, तेवढा मलाच दिसायचा."

मी फरशीवर गुडघे टेकले. डावीकडे अडीच बोटं. उजवीकडे अडीच बोटं. परत डावीकडे गेले. अडीच.

तिथेच बसून राहिले आणि मला आमच्या गॅरेजातलं पाणी आठवलं. रोज संध्याकाळी फरशी मी धुते, अर्थातच मी. आणि रोज पाणी दाराच्या उजव्या अंगाला जाऊन साचतं. रोज मी ते शिव्या देत खराट्याने बाहेर ढकलते. काखेत कळसा म्हणतात तो असा. जमीन तिथे खचली होती. गाडीचं पुढचं उजवं चाक त्या खड्ड्यात उतरत होतं, तिकडची फट वाढत होती, आणि भार डावीकडे येऊन डावं बसत होतं. मूळच्या उंच, मऊ स्प्रिंगांवर हे कुणाला कळतही नाही. बुटक्या गाडीवर लगेच कळतं. गाडी पहिल्यापासून सरळ होती.

मी हसले. खरंच हसले. अर्ध्या गालाच्या माणसाने दारात येऊन माझ्याकडे बघितलं.

तो केसभर फरकही काढून देते म्हणाले आणि गाडी परत घेऊन निघाले. तो आनंद गॅरेजपर्यंत टिकला. कारण परत येऊन त्या जागी बादलीभर पाणी ओतलं, ते साचलेलं बघितलं, आणि चाकाखाली द्यायला काहीतरी शोधू लागले, तेव्हा हत्यारांच्या कपाटामागची फळी हाताला लागली. दोन तुकडे एकावर एक ठोकलेली, जाड. झाडताना मी ती शंभर वेळा सरकवली असेल. एकदा फेकायला निघाले होते तर दादा ओरडला होता, "असू दे तिथे, लागते." आता ती मी उजेडात धरली. तिच्यावर टायरच्या नक्षीचे ठसे होते. एकावर एक, कितीतरी गाड्यांचे.

खड्ड्यात ठेवली. तंतोतंत बसली.

म्हणजे त्याला माहीत होतं. बुटक्या गाड्या आजवर तोच करत आला होता, आणि प्रत्येक वेळी ही फळी उजव्या चाकाखाली सरकवत होता. मी तीनदा गाडी उघडली, नख उलटवलं, स्वतःला गाढव म्हणून घेतलं, आणि हा मिठाची गुळणी धरून स्टुलावर बसला होता. अंगण वाकडं, असं मला तोंडावर सांगितलंन. आणि वर हसला.

तरी आधी काम केलं. गाडी फळीवर घेतली. रबरं वाकड्या बसणीत आवळली गेली होती, म्हणून सगळे बोल्ट सैल केले, गाडी चार वेळा दाबून सोडली, आणि पुन्हा आवळले. केसभर फरक होता, तोही गेला.

दादा आला. चाकाखालची फळी त्याने बघितली आणि सामानाची पिशवी उगाचच दुसऱ्या हातात घेतली.

"कधीपासून आहे ही?" मी विचारलं.

"जुनी आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी काय विचारायचं होतं? दादा, जमीन वाकडी आहे का?"

"हे बघ, ज्याचं त्याने शोधायचं असतं. मला कुणी सांगितलं होतं का?"

"तुला कुणी काउंटरवर बसवणार नव्हतं."

तो कपाटाकडे गेला, काहीतरी शोधल्यासारखं केलं, परत आला. मग एकदम मोठ्या मनाचा झाला. "पण राहिली ना सरळ? झालं तर मग. अर्धं गॅरेज तुझं. मी शब्दाचा पक्का आहे."

मी कष्टाने मिळवलेलं तो मला बक्षीस देत होता. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

एवढ्यात सलूनवाला गाडी न्यायला आला. बसला, डोळा मिटला, उठला. "कल्ले बरोबर," म्हणाला, किल्ली घेतली आणि गेला. त्याची गाडी बाहेर पडते न पडते तोच दारात हॉर्न वाजला. दादाचं खास गिऱ्हाईक, स्प्रिंगा बदलायला स्वतःची बुटकी गाडी घेऊन. दादाने ती संध्याकाळपर्यंत द्यायचं कबूल केलं होतं.

मी फळी उचलून काखेत मारली.

"ती ठेव," दादा म्हणाला. "मला आत्ता लागेल. कुठे घेऊन चाललीस?"

"गवंड्याकडे. किती खचलंय त्याचं माप दाखवायला. माझ्या अर्ध्या गॅरेजात खड्डा नको मला."

"आणि ही गाडी? तो माणूस दारात उभा आहे. मी आता काय करू?"

"अंगण वाकडं आहे, दादा," मी म्हणाले. "तू नाच."