शालन पंख्याला लागली तो गुरुवार

गुरुवारी सकाळी शालनचं डोकं पंख्याला लागलं, तेव्हा सदानंद गुरवांनी ओळखलं की प्राजू आज आईवर खूश आहे. ते स्वतः त्या वेळी बशीच्या काठावर पाय सोडून बसले होते. चमचाभर चहा त्यांना दुपारपर्यंत पुरायचा.

कराडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात हे पाच वर्षं चाललं होतं. सव्वीस वर्षांची प्राजक्ता ज्याच्यावर जीव टाकेल तो वाढायचा आणि जो मनातून उतरेल तो आखडायचा. एक वाढला की दुसरा आखडलाच. एकदा दसऱ्याला दोघं नवरा-बायको पंधरा मिनिटं बरोबरीचे झाले होते, तेवढ्यात शेजाऱ्यांनी फोटो काढून दिला. तो शोकेसमध्ये ठेवलाय. टेलरनं मात्र गुरवांचं माप घेणं सोडलं होतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. औषध थोडं, म्हणाले, घरच्यांनी शिकायचं जास्त. म्हणून वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी घरच्यांचा वर्ग भरायचा. तिथं खुर्च्या होत्या, पाट होते आणि अगदीच उतरलेल्यांसाठी टेबलावर काड्यापेट्या मांडलेल्या असायच्या. पाटसकरबाई शिकवायच्या. आधी तिचं दुःख मान्य करा, मग बोला. वाद घालू नका, स्वतःची बाजू मांडू नका. स्वतःचं जेवण-झोप सोडू नका. आणि काल होतात तसेच आज राहा. यावर काड्यापेटीवरच्या एका गृहस्थांनी विचारलं, काल म्हणजे सकाळी की संध्याकाळी? बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी घेऊ.

बाईंनी प्रत्येकाला एक कार्ड दिलं होतं. ‘तुला किती त्रास होतोय ते मला दिसतंय. मी इथंच आहे.’ शालनला ते दोन दिवसांत जमलं. सदानंदराव एकतीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. मनापासून काही बोलायला गेले की त्यांचा तोच आवाज लागायचा. पहिल्याच वेळी त्यांच्या तोंडून आलं, “आपल्याला होत असलेल्या त्रासाची नोंद घेण्यात आली आहे.” त्या दिवशी त्यांना पायमोज्यात झोपावं लागलं.

तर त्या गुरुवारी शालन वर्गाला निघाली. दारातून जायला ती कमरेत वाकली, तशी प्राजूनं तिच्या गुडघ्याला मिठी मारली.

“आई, आज नको ना जाऊ.”

“एकटं वाटतंय ना तुला? कळतंय मला,” शालन म्हणाली. “पाच वाजता मी परत येते बाळा.”

वाक्य बरोबर होतं. बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

“म्हणजे जाणारच,” प्राजू म्हणाली.

शालन पंख्यापासून दिव्याच्या बटणांपर्यंत आली, बटणांपासून टेबलापर्यंत, आणि मग नुसती साडी जमिनीवर बसली. इकडे सदानंदरावांखाली बशी फुटली, मग टेबल मोडलं. “पप्पा, तुम्हालाच काय ती माझी किंमत आहे,” प्राजू रडत म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. आतून कडी लागली.

मागच्या श्रावणात तिला त्याच बाथरूममधून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्या वेळी आतून रडण्याचा आवाज तरी येत होता. आज नळसुद्धा वाजत नव्हता.

सदानंदराव आठ फूट झाले होते. खांद्याच्या एका धक्क्यात दार मोडलं असतं. पण दारापर्यंत जाताना ते फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये अडकले, आणि जोर करावा तसे आणखी वाढत गेले. त्यांनी फोन लावायला घेतला, तर त्यांच्या एका बोटाखाली सगळेच आकडे दाबले जात होते.

साडीच्या घड्यांतून शालन बाहेर आली. अंगाला हातरुमालाची चिंधी, पायात तिच्याबरोबर आखडलेली जोडवी, उंची टाचणीएवढी.

“मी खालून जाते,” ती म्हणाली.

“अगं, आत्ता ती तुझ्यावरच चिडलीय.”

“म्हणून तर जाता येतंय. तुम्ही तेवढं बोलत राहा, अहो. कार्डावरचं.”

ती दाराखालच्या फटीतून आत गेली. रुमालाचं टोक अडकलं, सुटलं. सदानंदरावांनी फ्रिजवर चिकटवलेलं कार्ड काढलं, घसा साफ केला आणि जीव ओतून म्हणाले, “तुला किती त्रास होतोय ते मला दिसतंय. मी इथंच आहे. फलाट क्रमांक दोन.”

आतून प्राजूचा आवाज आला, अगदी थकलेला.

“पप्पा, निदान आज तरी स्टँडसारखं बोलायचं नव्हतं.”

ते फ्रिजच्या कचाट्यातून सुटले, कारण आता त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा होती. कार्ड हातातून पडलं आणि त्यांच्यासमोर भिंतीसारखं उभं राहिलं. वळसा घालून ते फटीकडे धावले. फरशीचा एक चौकोन ओलांडायला आता त्यांना बराच वेळ लागत होता.

“आई,” आतून ऐकू आलं. “आलीस. मला वाटलं तू गेलीस.” मग बादली कलंडली. मग आरसा फुटला. “आई, जवळ घे. अजून. अजून.”

दार आतल्या बाजूला उघडणारं होतं.

सदानंदराव पोचले तेव्हा ते हरभऱ्याएवढे झाले होते आणि फटीत उजेड उरला नव्हता. ती पूर्ण भरून शालनच्या पायाचं एक बोट बाहेर आलं होतं. जोडवं त्यांच्या डोक्याच्या वर होतं, मांसात रुतलेलं. त्यांनी बोटाला दोन्ही हात लावले. गरम होतं. आतून एकीच्याच श्वासाचा आवाज येत होता. दुसरीचा ऐकू यावा म्हणून त्यांनी कान टेकवला.

“प्राजू,” ते म्हणाले. या वेळी आवाज स्टँडचा नव्हता. तो त्यांच्याच कानापर्यंत कसाबसा पोचला.

वर दाराला हळूहळू पोट येत होतं. बाहेरच्या कडीचा पहिला स्क्रू सुटला आणि त्यांच्या शेजारी पडला, त्यांच्यापेक्षा मोठा.