व्हांगपूच्या पल्याडचा मळा

माझ्यापुढं शांघायचं नाव काढायचं नाय कुणी. माझ्या मखमलाबादच्या गल्ल्या मला ठाऊक नसतील एवढं ते शहर ठाऊक हाय. माझा ज्ञानेश तिथंच बोटीवरून नदीत पडला. खलाशी होता. कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, लय शोधलं, सापडला नाय. "सापडला नाय म्हंजे मेला का हो?" तोंडावर विचारलं मी. चहा तसाच ठेवून उठला मेला.

मग मी पुंजाराम सरांकडं गेले. त्यांनी गावच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, ज्ञानेशलाही. म्हटलं, "सर, त्या नदीचं सगळं सांगा, काय पण लपवू नका." त्यांनी जुना नकाशा भिंतीला लावला. नदीचं नाव व्हांगपू. आधी तिथं कापसाचा व्यापार करणारं गाव होतं. मग इंग्रज आला, आपल्याकडचीच अफू त्यांच्या गळ्यात मारली, लढाई केली आन् नदीचा अलीकडचा काठ बळकावून मोठमोठ्या इमारती बांधल्या. तिथं पण सोडलं नाय मुडद्यांनी!

"आन् पल्याड काय हाय?" मी विचारलं.

"पल्याड थोडी गोदामं, बाकी सगळे मळे. भाजीपाला, भात. समुद्र जवळ आहे ना भागुबाई, तर भरतीला ती नदी उलटी वाहते."

तेवढंच धरून मी जगले. उलटं पाणी त्याला पल्याडच्या काठाला लावणार. तिथं कुणी बाई मेथी धुवायला आली असणार, माझ्यासारखी. माणूस बुडताना बघून ती गप बसंल? पदर नसंल तिला, पण हात तर हायेत! घरी नेलं असंल, पेज पाजली असंल. डोक्याला मार लागून पोरगं नाव-गाव विसरलं असंल. देवाशप्पथ सांगते, त्या न पाहिलेल्या बाईसाठी मी रोज दिवा लावायचे.

दीड वरीस गेलं. माझी सून रूपाली, कोवळी पोर, तिला ना धड कुंकू लावता येईना, ना पुसता येईना. तिच्या वडलांनी आमच्या मालकांना गाठलं. "पोरीला मोकळी करा, विधी उरकून टाका." मालक हो म्हणाले. मी जेवण सोडलं, शिव्या घातल्या, विहिरीत उडी टाकीन म्हटलं. ऐकतंय कोण माझं!

आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो. तिच्या काठी गुरुजींनी, जाळायला देह नाय म्हणून, पळसाच्या काड्यांचा आन् दर्भाचा माणूस मांडला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. तो नारळ मी उचलला आन् पोटाशी धरून बसले.

"हात लावून तर बघा कुणी! माझं लेकरू जितं हाय. पल्याड मळे हायेत, काढलाय त्याला कुणीतरी!"

मालक रडायला लागले. रूपाली माझ्यापाशी येऊन बसली.

"आई, तिथं मळे नाहीत."

"सरांच्या नकाशात हायेत."

"तो नकाशा जुना आहे. मी गंगापूर रोडला सायबर कॅफेत जाऊन फोटो पाहिले. हे बोटीवर लागले त्याच्या आधीपासूनच मळे उठवत होते. आता काचेच्या बिल्डिंगा आहेत. काठाला सिमेंटची उंच भिंत आहे."

"कधी पाहिलंस?"

"तुम्ही सरांकडून आलात, त्याच आठवड्यात."

"सटवे, मग बोलली का नाय गं इतके दिवस?"

"तुम्ही जेवायला लागला होतात, आई."

खोटं बोलते म्हणणार होते मी. पण गंगापूर रोडला माझ्या माहेरचा मळा होता, गुलाबाचा. आता तिथं बिल्डिंग हाय. गॅलरीत कपडे वाळत असतात, माणूस दिसत नाय. तिथून खाली नदीत कुणी ओरडलं तर कुणाला ऐकू जाणार? कोण उतरणार? माझ्या पोरानं हाका मारल्या असतील, मला मारल्या असतील. मी छाती बडवून रडले. दीड वर्षाचं सगळं तिथंच रडले.

रूपालीनं माझ्या हातातला नारळ ओढला नाय. शेवटी मीच उठले आन् नारळ जागेवर ठेवला. खाली दर्भाची एक जुडी सारली.

"बाई, असं नसतं," गुरुजी म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं, "मान अवघडते त्याची."